पाइपातला बोळा

भिंगरीला एका जागी उभं राहता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या सकाळी ती बांधावरून ज्या येरझारा घालत होती, त्या बघून तारेवर बसलेला खंड्यासुद्धा वैतागून उडून गेला.

समोर तिचा मका. मांडीला लागेल एवढा वाढलेला, आणि पिवळा. पिकल्यासारखा पिवळा नाही, कावीळ झाल्यासारखा. खालची पानं टोकापासून मधल्या शिरेनं अशी वाळत आली होती, जणू कोणीतरी काडी लावावी आणि लगेच फुंकर मारून विझवावी. आणि सऱ्यांमध्ये पाणी. वरून ओतायचं थांबलं होतं, ऊन पडलं होतं, रस्ते वाळले, दोरीवरचे कपडे वाळले. हिच्या शेतातलं पाणी मात्र चिकट पाहुण्यासारखं बसून होतं. चहा झाला, जेवण झालं, तरी उठायचं नाव नाही.

"ऊठ की रे!" ती खरंच ओरडली. पाण्यावर.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथूनही आता निघालं होतं. नापास वगैरे काही नाही. दहावीचं वर्ष अर्धं झालं असताना गणिताच्या तासाला ती उठली, दप्तर उचललं, सर म्हणाले "कुठे?", ती म्हणाली "बाहेर", आणि ते बाहेर जाणं अजून चालूच होतं. मध्ये शिवणक्लास झाला, तिथे मशीनपेक्षा हिचे पाय जास्त हलायचे. मग मोबाइलच्या दुकानात ठेवली, तिथे मालकालाच "आधी तुमच्या जिभेचा आवाज कमी करा" असं ऐकवून आली.

शेवटी बाबांनी हात टेकले. बाबा ट्रक चालवायचे. निघायच्या सकाळी गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ते म्हणाले, "खालचा तुकडा तुझा. या हंगामापुरता. पीक उभं राहिलं तर पुढेही तुझा, मी मध्ये बोलणार नाही. आडवं झालं तर मामाचं दुकान. मान्य?"

"मान्य," भिंगरी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मामाचं दुकान म्हणजे शहरातलं चष्म्याचं दुकान. काचेचं दार, काचेचं काउंटर, काचेची कपाटं, आणि काउंटरमागे एक गोल स्टूल. त्या स्टूलवर ती एकदा एक दुपारभर बसली होती. जिकडे मान वळवावी तिकडे आरसा, आरशात स्वतःचंच तोंड. संध्याकाळपर्यंत तिला वाटायला लागलं, आपल्याला बरणीत घालून वर झाकण फिरवलंय. मामा माणूस चांगला होता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडून सुटता आलं असतं.

खिशात फोन वाजला. बाबा.

"युरिया टाकलास का?"

"पाणी आहे अजून."

"असू दे. पिवळं पडलंय ना? म्हणजे भूक लागलीय. टाकून मोकळी हो. सगळे टाकतात."

"पण—"

"पण काय पण? पंधरा दिवसांत येतोय मी. हिरवं दिसलं पाहिजे." मागे कुठल्यातरी गाडीचा कर्कश हॉर्न वाजला, बाबांनी त्याला एक शिवी दिली आणि फोन बंद झाला.

भिंगरीला एवढंच हवं होतं. कोणीतरी 'कर' म्हणायचं आणि हिनं करून टाकायचं, थांबायचं काम नाही. शेडमध्ये फळ्यांवर युरियाची एकुलती एक गोणी ताडपत्रीखाली ठेवलेली होती. खतवाल्याच्या दुकानापुढे अर्धा दिवस रांगेत उभं राहून, पुढे घुसणाऱ्या दोघांना कोपरानं मागे सारून तिनं ती मिळवली होती. तिनं शिलाई उसवली, घमेलं भरलं आणि विजेच्या खांबाकडच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. मूठ भरायची, फेकायची. पांढरे दाणे पाण्यावर टपटपत आणि नाहीसे होत. मक्याच्या बुडाशी काय पोचलं आणि काय नाही, काही कळत नव्हतं, पण हात चालत होते म्हणून बरं वाटत होतं.

पाव गोणी संपली आणि पुन्हा जोराची सर आली. गोणी भिजली तर दगड होईल, म्हणून तिनं ती छातीशी कवटाळून फरफटत शेडमध्ये नेली आणि दारात उभी राहून पावसाला जे काही सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यानंतर ती दर थोड्या वेळानं शेताकडे पळायची. हिरवं झालं का? नाही. जेवणावरून उठून जायची. झालं का? नाही. आई हॉस्पिटलात वॉर्डात आया होती. तिनं एका संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारलं, "किती वेळा जाऊन आलीस?"

"मोजलं नाही."

"आमच्याकडे एक बाई होती, दर पाच मिनिटांनी नवऱ्याच्या काखेत थर्मामीटर घालायची. शेवटी तो म्हणाला, तापानं नाही मरणार, गुदगुल्यांनी मरेन."

"माझा मका आजारी आहे आणि तुला विनोद सुचतायत."

"मी आजारी माणसांतूनच येतेय, बाई. तिथे विनोद नाही केले तर चालत नाही."

पुढच्या दोन दिवसांत कडक ऊन पडलं आणि भिंगरीला हिरवं दिसलं. पण मका नव्हे, पाणी. खांबाकडच्या कोपऱ्यात, जिथे तिनं युरिया फेकला होता नेमकं तिथेच, पाण्यावर शेवाळाची साय धरली होती. हिरवीगार, तुकतुकीत, जशी मक्याची पानं दिसायला हवी होती तशी. आणि त्या सायीत उभा असलेला मका बाकीच्या मक्यापेक्षा तसूभरही हिरवा नव्हता.

"तू खाल्लंस होय!" ती शेवाळाला म्हणाली.

रागानं तिनं काठावरचं एक ताट धरून उपटलं. ते इतकं सहज हातात आलं की ती मागे चिखलात बसली. मुळं तपकिरी, काही काळी, बोटांत धरली तर साल सुटून यायची. वास कुजक्या अंड्याचा. तिनं नाक दाबलं, पण डोळे मुळांवरून हलवले नाहीत. एरवी पाच मिनिटं कुठे टिकेना असं तिचं डोकं, आता एकाच ठिकाणी रुतून बसलं. ही मुळं खाणार कशी? यांचा तर श्वासच बंद पडलाय.

तिनं मान वर केली आणि शेताभर नजर फिरवली. तेव्हा तिला खांबाचा उंचवटा दिसला. खांब पुरताना निघालेली माती तिथेच पसरून ठेवलेली, त्यामुळे चार पावलं जागा कंबरेएवढी नाही पण वीतभर तरी वर होती. त्या उंचवट्यावरची मोजकी ताटं गडद हिरवी होती. तिच्या मुठी सगळ्या खालच्या पाण्यात पडल्या होत्या, तिथे एक दाणाही पोचला नव्हता. रोज ती त्याच ताटांना हात लावून पुढे जायची आणि तिला ते दिसलं नव्हतं.

बाबा म्हणत होते भूक लागलीय. भूक नव्हती लागली, दम कोंडला होता.

मग पाणी का जात नाहीये? तिच्या शेताचा उतार पलीकडच्या टोकाला होता. तिथे बांधाखालून सिमेंटचा पाइप, पाइपातून पाणी शेजारच्या भाताच्या खाचरात, खाचरातून ओढ्यात. वर्षानुवर्षं असंच जायचं. पण त्या टोकाला भिंगरी महिनाभर फिरकलीच नव्हती, कारण पलीकडे कंडक्टरकाका होते.

कंडक्टरकाका जन्मभर बसवर कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यावरही उतरले नव्हते. गळ्यात शिट्टी अजून तशीच, पाखरं हाकलायला म्हणे. महिन्यापूर्वी त्यांच्या मोटरचा होज हिच्या कोवळ्या मक्यावरून गेला आणि हिनं चहाच्या टपरीवर, भर माणसांत, त्यांना "भंगारात काढलेली बस" म्हटलं. माणसं हसली. काकांनी चहा अर्धा ठेवला आणि निघून गेले. त्या दिवसापासून हिनं त्या टोकाकडे पाठ फिरवली होती. सगळं शेत दिवसातून दहादा पालथं घातलं, तेवढं टोक सोडून.

आता ती चिखल उडवत तिथे पोचली. पाइपाच्या तोंडात पोतं कोंबलेलं, पोत्यावर दगड, दगडांवर चिखलाचा गिलावा. कोणीतरी मन लावून केलेलं काम. ती वाकली आणि पोत्याचा कोपरा धरला.

शिट्टी वाजली.

"हात काढ!" पलीकडच्या बांधावर कंडक्टरकाका उभे. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात फावडं. "चालत्या गाडीत दाराला हात लावायचा नाही."

"हे तुम्ही लावलंत?"

"माझा बांध, माझा पाइप, माझं पोतं. मग काय विमानातून पडलं?"

"माझा मका बुडतोय, काका!"

"आणि माझा युरिया पोहतोय. लावणीपासून पाणी धरून ठेवलंय, परवा युरिया टाकलाय. अजून चार-पाच दिवस खाचरातलं पाणी हलता कामा नये. हललं की खत ओढ्याला."

"तुमचं पाणी ठेवा ना तुम्ही. माझं जाऊ द्या."

"तुझं जाणार कुठून? हवेतून? माझ्याच खाचरातून ना? जाता जाता माझं खत खिशात घालून नेणार. एक तर विनातिकीट, वर पाकीटमारी."

"अहो पण मुळं सडायला लागलीत! या, बघा!"

"मला कशाला विचारतेस? मी भंगारातली बस. बस बंद आहे. मागून दुसरी येईल, तिला हात कर."

भिंगरी पाइपावर आणखी वाकली. तिनं पोत्याचा कोपरा सोडला नव्हता. एक हिसका, बस. दगड घरंगळतील, गिलावा फुटेल, आणि म्हातारा कितीही शिट्ट्या मारो, सुटलेलं पाणी परत कोण कोंबणार?

काका हलले नाहीत. फावडं टेकून फक्त म्हणाले, "ओढ. ओढायचं तर ओढ."

तिनं पाइपापलीकडे पाहिलं. खाचरातलं पाणी स्थिर, भाताचे चूड सारख्या अंतरावर उभे. म्हाताऱ्यानंही खतासाठी त्याच रांगेत अर्धा दिवस काढला होता. हिच्या मागेच उभा होता आणि एक शब्द बोलला नव्हता. बोळा ओढला तर खत कसं जातं हे तिला आता कोणी शिकवायची गरज नव्हती, थोड्याच दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं तिनं तेच केलं होतं. त्याचं पाणी थांबायला हवं, हिचं जायला हवं, आणि वाट एकच.

तिनं पोतं सोडलं. बांधाला एक सणसणीत लाथ घातली, अंगठा ठेचकाळला, आणि लंगडत, काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटत ती निघाली.

"सावकाश उतरा," मागून आवाज आला.

ती घरी गेली नाही. कुदळ आणि फावडं घेऊन रस्त्याच्या बाजूनं चर खणायला लागली. काकांच्या खाचराला वळसा घालून पाणी रस्त्याच्या गटारात सोडायचं. कोणाचे उपकार नकोत. दुपारभर खणलं. हाताला फोड आले, फुटले. संध्याकाळच्या सुमारास पाणी चरात शिरलं आणि तिथेच थांबलं. गटार वर होतं, शेत खाली. एवढी साधी गोष्ट. चिकट पाहुणा बाहेरच्या खोलीतून उठून आतल्या खोलीत जाऊन बसला, इतकंच झालं. भिंगरीनं फावडं फेकून दिलं. मग जाऊन उचलून आणलं, कारण ते बाबांचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती खतवाल्याच्या पायरीवर हजर. खतवाला जाडजूड, गप्पिष्ट माणूस, गिऱ्हाईक नसलं की भिंतीशी बोलायचा.

"गोणी नाही," तो कुलूप काढता काढताच म्हणाला. "गाडी कधी येईल ते फक्त ड्रायव्हरला माहीत, आणि तो फोन उचलत नाही."

"गोणी नकोय. मला सांगा, पाण्यात टाकलेलं खत जातं कुठे? सगळं तर शेवाळ खात नाही ना?"

"अर्धं हवेत."

"हवेत? चेष्टा करताय?"

"मातीत बारीक जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांनाही श्वास लागतो. पाण्याखाली हवा मिळाली नाही की काही जंतू मातीत मुरलेलं खतच श्वासासारखं ओढून घेतात आणि उरलेलं वर सोडून देतात. बुडबुडा. गेलं." त्यानं दोन्ही हात झटकले. "साचलेल्या पाण्यात मक्याला खत म्हणजे गोणी उघडून आकाशाला दाखवायची."

"मग करायचं काय? मुळं खात नाहीयेत."

"पाणी काढ आधी. हवा जाऊ दे. तोवर पानांवर मार. पंपाच्या टाकीला फक्त वाटीभर युरिया. उन्हं उतरल्यावर मारायचं. आणि जास्त शहाणपणा करून दोन वाट्या घालू नकोस, पानं भाजतील. तुझं तोंड बघून सांगतोय, तू दोन घालणारी आहेस."

भिंगरी घरी आली ती चालत नाही, पळत. वाटीभर! एका टाकीला वाटीभर म्हणजे सगळ्या तुकड्याला एक डबा पुरे. शेडमध्ये पाऊण गोणी पडलीय, आणि ती पाऊण गोणी आज तिच्या कामाची नाही. उद्याही नाही. मग कोणाच्या कामाची आहे?

विचार डोक्यात आला आणि तिनं गोणीवरची ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. कारण बाबा येणार, आणि बाबा पहिलं विचारणार, गोणी कुठाय. नंतर मका सुधारला तर त्याला जमिनीतून द्यायला खत लागणारच, आणि दुकानात दाणा नाही. सगळं देऊन टाकायचं आणि मग हात हलवत बसायचं? ती शेडमध्ये गोणीभोवती फेऱ्या मारत राहिली. आई कामाला निघाली होती. तिनं दारातून डोकावून विचारलं, "प्रदक्षिणा किती घालायच्या आहेत?"

"आई, ही गोणी मी देऊन टाकली तर?"

"कोणाला?"

"बसला."

आईनं एकदा गोणीकडे पाहिलं, एकदा लेकीच्या फुटलेल्या फोडांकडे. "तुकडा तुझा आहे ना? मग मला विचारून माझ्या डोक्यावर टाकू नकोस. आणि हाताला पट्टी बांध. मातीत पिकलं तर माझ्याच वॉर्डात येशील, मी ओळख दाखवणार नाही."

भिंगरीनं डबाभर युरिया काढून ठेवला. बाकीची गोणी सायकलच्या कॅरियरला आवळली आणि ढकलत ढकलत कंडक्टरकाकांच्या दारात नेली. काकू ओट्यावर धान्य पाखडत होत्या. काका खुर्चीत, पेपर तोंडासमोर. पेपर खाली आला नाही.

"काकू, काकांना सांगा, मी आलेय."

"अहो, ती आलीय."

"बस थांबत नाही इथे," पेपर म्हणाला.

भिंगरीनं दात आवळले. "काकू, त्यांना सांगा, ही पाऊण गोणी आहे. त्यांच्या खाचराला परवा जेवढा टाकला असेल, त्याहून कमी नाही. ही त्यांची. बोळा काढू द्या. माझं पाणी जाऊ दे, त्यांचंही जाऊ दे, मग खाचराचं ओढ्याकडचं तोंड बंद करून पुन्हा पाणी भरा आणि हा टाका."

पेपर जरासा खाली आला. वरून दोन डोळे. "आणि तुझ्या मक्याला?"

"माझ्या मक्याला आधी नाक मोकळं करायचंय. खत नंतर."

"नंतर कुठून आणशील?"

"ते मी बघेन."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "मी काय म्हणते, तुमच्या खाचरावर शेवाळ चढलंय. मी सकाळीच पाहिलं. परवाचं अर्धं तरी त्याच्याच पोटात गेलंय. आमच्या माहेरी पाण्यावर कधी फेकायचे नाहीत. पाणी काढायचं, चिखलात खताची गोळी खोल दाबायची, मग पाणी घ्यायचं. लग्न झाल्यापासून सांगतेय. पण यांना सगळं वरून वाटायची सवय, तिकिटांसारखं."

"अगं, गोळ्या दाबत बसायला माणसं लागतात!"

"मग हे माणूस आलंय ना दारात," काकू भिंगरीकडे हनुवटी करून म्हणाल्या. "काय गं, येशील दाबायला?"

खाचरात दिवसभर ओणवं राहून एकेक गोळी दाबायची. भिंगरीला नुसत्या कल्पनेनंच खाज सुटली. पण पाय दारातून हलवून तिला पाइपाकडे पळायचं होतं, आणि त्याची वाट ह्या ओणवं राहण्यातूनच जात होती.

"येईन."

काकांनी पेपरची घडी घातली. नीट, कडा जुळवून. "गोणी झाली, काम झालं. ते बसचं राहिलं."

"कुठलं बसचं?"

"तुला माहीत आहे कुठलं."

ती काकूंकडे बघत राहिली. काकूंनी सूप उचललं आणि त्या मध्ये पडणार नाहीत हे स्पष्ट केलं.

"तुम्ही भंगारातली बस नाही," भिंगरी शेवटी जमिनीला म्हणाली.

"मग?"

"मग काय मग? चालू बस."

"लाल की एशियाड?"

"काका!"

काकूंना हसू आवरेना. काकांच्या मिशीतही काहीतरी हललं, पण ते लपवत ते उठले आणि फावडं शोधायला मागे गेले.

बोळा दोघांनी मिळून काढला. दगड बाजूला केले, गिलावा फोडला, आणि पोतं निघताच पाइपानं एक मोठा ढेकर दिला. मग पाणी असं निघालं, की जणू महिनाभर दाराशी चपला घालूनच उभं होतं. काड्या, पानं, शेवाळाचे तुकडे, एक गोगलगाय, सगळं भिरभिरत पलीकडे. भिंगरी पाण्याबरोबर बांधावरून पळत ओढ्यापर्यंत गेली आणि पळत परत आली. काकांनी दोनदा शिट्टी वाजवली. म्हणजे गाडी सोडा.

पुढचे दिवस मात्र तिच्या जिवावर आले. सऱ्या उघड्या पडल्या, वरंब्यांना भेगा दिसायला लागल्या, तिनं कुदळीनं कडेचा चिखल हलका मोकळा केला, उन्हं उतरल्यावर पंप पाठीवर घेऊन फवारलं. टाकीला वाटीभर. दुसरी वाटी भरून डब्यावर धरलेला हात तिनं एकदा परत घेतला, खतवाल्याला मनात शिवी देऊन. आणि मग करायला काही उरलं नाही. मका तसाच. पिवळा.

त्यातल्या त्यात सुटका म्हणजे काकांचं खाचर. चिखलात चार चुडांच्या मधोमध चिमूटभर युरिया मातीच्या गोळीत गुंडाळून, कोपरापर्यंत नाही पण मनगटाच्या वर जाईल इतका हात खुपसून दाबायचा. काकू पुढे, भिंगरी मागे, काका बांधावरून गोळ्या पुरवणार.

"पुढे चला, पुढे चला, मध्ये जागा आहे!"

"काका, शिट्टी वाजवलीत तर ती शिट्टी पण दाबेन मी इथे."

"एवढी घाई कशाची असते गं तुला?" काकूंनी पाठ सरळ करत विचारलं.

भिंगरीनं जरा विचार केला. "थांबलं की स्टूल दिसतं," ती म्हणाली. काकूंना कळलं नाही, आणि तिनं समजावलंही नाही. बाबा येईपर्यंत पिवळा तो पिवळाच राहिला तर समजावण्यासारखं काही उरणारही नव्हतं.

बाबा ठरल्याआधीच आले. सकाळी ती आंघोळीला गेली होती, बाहेर आली तर ट्रक दारात, आणि बाबा घरात नाहीत. आई म्हणाली, "शेडमध्ये बघून थेट खाली गेले." आईचा चेहरा वॉर्डातला झाला होता, काही न सांगणारा.

भिंगरी ओल्या केसांनी धावली. बाबा मक्यात उभे होते.

"गोणी?"

"कंडक्टरकाकांना दिली."

"विकलीस?"

"दिली. पाणी काढायला."

"मी काय सांगितलं होतं फोनवर?" बाबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "सगळं गाव खत टाकतंय, आणि तू असलेलं वाटून टाकतेस? बघ हे." त्यांनी बुडाची पानं दाखवली. वाळलेली, लोंबणारी. "हे उभं आहे असं म्हणायचं?"

एरवी ती इथे भडकली असती. काहीतरी असं बोलली असती, की पुढे महिनाभर कोणी कोणाशी बोललं नसतं. शब्द जिभेवर आलेही. पण तिची नजर बाबांच्या हातावरून पुढे गेली.

"खाली नका बघू. आत बघा."

"आत कुठे?"

"पोंग्यात."

बाबांनी एक ताट वाकवलं. मधल्या पोंग्यातून नवं पान निघालं होतं, दोन बोटं लांब, गुंडाळलेलं, ओलसर, आणि हिरवं. त्यांनी शेजारचं ताट वाकवलं. मग ओळीनं तीन-चार. मग एक ताट उपटायला गेले, तर ते सहज येईना. जोर लावावा लागला. जुनी काळी मुळं तशीच होती, पण त्यांच्या वर, खोडाच्या पेऱ्यापासून, नव्या मुळांचा झुपका फुटला होता. पांढरा, जाडसर, दुधाच्या दातांसारखा. बाबांनी मुळं नाकाशी नेली. मातीचा वास.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला आणि पुन्हा पाहिलं. तो चष्मा मामानं दिलेला होता.

पलीकडून शिट्टी वाजली. "अहो ड्रायव्हरसाहेब!" कंडक्टरकाका बांधावर. "पोरीला रागावू नका. माझ्या बसमध्ये फुकट नाही बसली. सगळं भाडं भरलंय." आणि मग थोडं हळू, जणू सहज, "खाचर भरलंय, काठोकाठ. डबाभर युरिया उरलाय माझ्याकडे. तिच्या मक्याला पुढे लागला तर..." वाक्य अर्धंच ठेवून ते चुडांकडे वळले.

"डबाभरानं काय होतंय," बाबा पुटपुटले. ते अजून मुळांकडेच बघत होते. "ह्याला गोणीभर लागेल. आठवड्यात द्यायला पाहिजे, वाफसा आहे तोवर, माती ना चिखल ना कोरडी. पाऊस पुन्हा आला तर पाइप कोण बघणार?"

"मी बघणार."

"आणि गोणी? खतवाल्याकडे तर दाणा नाही म्हणे."

"तुम्ही त्या बाजूनं येता ना, जिथून त्याची गाडी भरते? ड्रायव्हर फोन उचलत नाहीये. तुम्ही ड्रायव्हर आहात. तुमचा उचलेल."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी मातीनं माखलेल्या बोटांनी तो काढला, नाव वाचलं आणि भिंगरीनं शेजारचं एक पान ओरबाडलं, कारण नाव तिलाही दिसलं होतं. मामा.

"हां, बोल," बाबा म्हणाले. "पोचलो, आत्ताच. ...ती? आहे, इथेच आहे." पलीकडून मामा बराच वेळ बोलत राहिला. भिंगरीनं हातातलं मक्याचं पान चिरत चिरत त्याच्या दोऱ्या केल्या. "नाही रे," बाबा शेवटी म्हणाले. "स्टूलसाठी दुसरं कोणीतरी बघ. हिला वेळ नाही."

ते फोन ठेवून काही बोलणार होते, पण समोरची जागा रिकामी होती. भिंगरी पाइपाकडे निघाली होती, ओले केस पाठीवर आपटत, कारण पश्चिमेला ढग जमल्यासारखे दिसत होते आणि पाइपाच्या तोंडाशी काल एक फांदी अडकलेली तिनं पाहिली होती.